अर्धा दिवस शिल्लक

मशीन साडेतीन दिवसांत बसलं.
नेरिमानबाईंचं विमान हैदराबादहून, मध्यरात्रीचं.
भुतडा शेठ म्हणाले, वैजनाथ,
अर्धा दिवस शिल्लक आहे, पाहुणीला खरोसा दाखवून आण,
जेवायच्या आत परत या,
आणि आधी बोलेरो पुसून घे.

पुसली नाही. उशीर झाला होता.

चार दिवस मी तिच्या हाताखाली होतो.
पांढरे केस, मागच्या खिशात पाना.
ती तुर्कीत बोलायची, फोन मराठीत सांगायचा
बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात.
एकदा म्हणाला, "हवेला राग येऊ देऊ नका."
कॉम्प्रेसरचं प्रेशर असावं ते.

तुरीची डाळ तिनं कच्चीच चावून बघितली.
आमच्या अँटेपला मसूर, म्हणाली, लाल.
मग दाखवलं: दाणे धारेनं उतरतात,
कॅमेरा एकेकाला बघतो,
डाग दिसला की फट्, हवेचा एक ठोका,
दाणा पलीकडच्या पोत्यात.
ठरवायला किती वेळ लागतो, मी विचारलं.
पापणी लवायच्या आधी, फोन म्हणाला.

खरोशाला मीही पहिल्यांदाच गेलो.
जन्म गेला इथं आसपास, पण
डोंगर काय कुठं पळून चाललाय, असं म्हणत राहिलं माणूस.
तांबडा दगड, हात लावला की भुकटी येते.
देवांची नाकं गेलेली, कंबरा शाबूत.
तिनं मूर्तींपेक्षा छताकडं जास्त बघितलं,
खांब बोटानं वाजवला,
आत शिरायच्या आधी बाहेरची वाट बघून ठेवली.
मला कळली ती नजर.
मीही हॉटेलात दाराजवळचंच टेबल धरतो.

लामजना पाटीला चहा घेतला
आणि गाडी किल्लारीकडं वळवली. का, ते माहीत नाही.

रांगेनं घरं, एकाच मापाची.
कुणी मजला चढवलाय, कुणी पुढं पत्रे मारलेत,
तरी खालचं माप लपत नाही.
तिनं काच खाली केली.
फोन न काढता म्हणाली, "कंटेनर."
मग तळहातानं जमीन हलवून दाखवली.

मी मान डोलावली.

जुन्या गावात बघण्यासारखं काही नाही.
वेड्या बाभळी, दगडांचे ढीग,
एके ठिकाणी नुसताच उंबरठा.
माळवदाची माती कुठली आणि रानाची कुठली, सांगता येत नाही.
इथं आमचं घर, म्हणालो,
पण बोट नेमकं कुठं करावं कळेना,
दोनदा बदललं.

गाडीच्या मागच्या काचेवर धूळ होती.
मी बोटानं लिहिलं: ३:५६.
आकडे तिला वाचता येईनात,
मग मनगटावरचे काटे फिरवून दाखवले.
तिनं त्याखाली तिच्या आकड्यांत लिहिलं, चार सतरा.

मग फोन काढला.
"त्या रात्री मी कोन्यात होते. कामासाठी. दोन दिवस."
आवाज तोच, बातम्यांचा.
पुढचं तिनं फोनला सांगितलं नाही.
मी म्हणालो, मी नऊ वर्षांचा,
गणपती बुडवून आलो, आत उकडतंय म्हणून अंगणात झोपलो.
फोननं त्याचं काय केलं कोण जाणे.
तिनं माझं मनगट धरलं,
नट नीट बसलाय का बघतात तसं,
आणि सोडलं.

शेळ्यावाली एक म्हातारी आली,
"कुठल्या बाई ह्या? काय बगाया आल्या हितं?"
मशीनवाल्या आहेत, म्हणालो.
तिनं पदरातल्या ओल्या तुरीच्या शेंगा दिल्या मूठभर.
नेरिमानबाई गाडीत एकेक सोलून खात बसल्या.
एका शेंगेत किडका दाणा निघाला.
बघितला,
आणि तोही खाल्ला.

शेठनं विचारलं, काय काय दाखवलंस?
लेणी.
व्हाउचरवर लिहिलं: पाहुणी फिरवणे,
एकशे वीस किलोमीटर, चहा दोन.
चष्म्यावरून बघत म्हणाले, खरोसा एवढं लांब कधी झालं?

हैदराबादला हीच गाडी जायची होती.
इर्शाद बादली आणि फडकं घेऊन आला.
मागची काच राहू दे, म्हणालो.
का?
राहू दे.